तोपकापीची चोरी आणि एक पाखरू

आमच्या आजोळच्या वाड्यात एकदा चोर शिरला होता. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. पण दर दिवाळीला फराळाची ताटे मांडली, की आजी ती हकीकत सांगायचीच, त्यामुळे ती मी डोळ्यांनी पाहिल्यासारखी मला पाठ आहे. चोर आला तो नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री. परसातली भिंत चढला, कडी अलगद काढली, माजघरात निजलेल्या सात माणसांना ओलांडून स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला. आतल्या फडताळात आजीच्या पाटल्या होत्या. पण फडताळाच्या खालीच चकल्यांचा पितळी डबा होता. बिचाऱ्याला मोह आवरला नाही. त्याने चकली मोडली मात्र, त्या कुर्रकन झालेल्या आवाजाने आजी जागी झाली आणि अंथरुणातूनच ओरडली, "कोण रे ते? अजून देवाला नैवेद्य व्हायचाय!" चोर पळाला तो एक वहाण आमच्याकडे ठेवूनच. "चोरी त्याला येत होती हो," आजी शेवटी म्हणायची, "भूक आवरणं येत नव्हतं."

ही गोष्ट मला गेल्या दिवाळीत पुन्हा आठवली. नातू एक इंग्रजी चित्रपट पाहत बसला होता. नायक छतातून दोरीला लोंबकळत खाली येतो, जमिनीला स्पर्श झाला तर धोक्याची घंटा वाजणार, कपाळावरचा घामाचा थेंबसुद्धा खाली पडता कामा नये, असा तो प्रसंग. नातू म्हणाला, "आजोबा, असलं काही तुमच्या वेळी नव्हतं!" मी म्हटले, "बाळा, ती दोरी माझ्या तरुणपणातलीच आहे. ती १९६४ साली इस्तंबूलच्या एका राजवाड्यात सोडली होती." तो हसला. पण मी इतिहासाचा मास्तर. एकदा दोरीचे टोक हाती लागले, की दुसरे टोक सापडेपर्यंत मला झोप येत नाही.

तर त्या चित्रपटाचे नाव 'तोपकापी'. नाव परके वाटते, पण कानावर जरा घोळवून पाहा. तुर्की भाषेत 'तोप' म्हणजे तोफ आणि 'कापी' म्हणजे दार. आपली तोफ मुळात तिकडचीच. फारसीच्या वाटेने ती आपल्या भाषेत आली आणि किल्ल्याच्या बुरुजावर चढून बसली. तोपकापी म्हणजे तोफदरवाजा. १४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टॅन्टिनोपल जिंकल्यावर दुसऱ्या महंमद सुलतानाने बांधायला घेतलेला हा राजवाडा. सुलतानी गेली, प्रजासत्ताक आले आणि १९२४ साली या राजवाड्याचे संग्रहालय झाले. त्याच्या जामदारखान्यात एक खंजीर आहे. मुठीवर तीन भलेमोठे पाचू, टोकाला चौथा पाचू, आणि त्या चौथ्या पाचूचे झाकण उघडले की आत इवलेसे घड्याळ! हा खंजीर चोरायला परदेशी चोरांची एक टोळी इस्तंबूलला येते, हे त्या चित्रपटाचे कथानक.

टोळी कशी, तर तऱ्हेवाईक माणसांची वरातच. रत्ने पाहिली की जिचे डोळे मिटत नाहीत अशी एक रमणी. ही भूमिका मेलिना मर्कुरी या ग्रीक नटीची. बेत आखणारा शिस्तीचा स्विस गृहस्थ. यंत्रांशी खेळणारा एक लठ्ठ इंग्रज. माशीसारखा भिंतीवर चढणारा एक मुका कसरतपटू. दोर धरायला एक पहिलवान. आणि या सगळ्यांत चुकून अडकलेला आर्थर सिम्पसन: ग्रीसच्या एका बंदरात प्रवाशांना गंडवून पोट भरणारा, घामाघूम, भित्रा, थापाड्या. ही भूमिका पीटर उस्तिनॉव्हने अशी केली, की त्याला त्याबद्दल सहायक नटाचे ऑस्कर मिळाले.

या सिम्पसनला मोटार फक्त सरहद्दीपार न्यायची असते. मोटारीत लपवलेली शस्त्रे तुर्की पोलिसांना सापडतात. त्यांना वाटते, हा कोणा पुढाऱ्याच्या खुनाचा कट! ते सिम्पसनलाच आपला हेर करून टोळीत परत पाठवतात. चिठ्ठ्या लिहून सिगारेटच्या पाकिटात टाकायच्या, अशी त्याची हेरगिरी. इतक्यात पहिलवानाचे हात दारात चिरडतात, आणि दोर धरायची पाळी येते ती उंचीच्या नुसत्या कल्पनेने ज्याचे पाय लटपटतात त्या सिम्पसनवर!

संग्रहालयाच्या जमिनीला इतकी तल्लख घंटा जोडलेली आहे, की पाऊल पडले तर बोंब. म्हणून कसरतपटू वरच्या खिडकीतून दोरीला उलटा लोंबकळत खाली येतो, काचेची पेटी उचलतो, खरा खंजीर काढून खोटा ठेवतो. सिम्पसन डोळे मिटून, दातओठ खाऊन दोर धरतो. प्रेक्षागृहात आपणही दोर धरलेला असतो. चोरी तडीस जाते, खिडकी लागते. पण लागण्याआधी एक चिमुकले पाखरू आत शिरलेले असते. पोलिसांच्या हातावर तुरी देऊन सटकण्याच्या अगदी बेतात चोर असताना ते पाखरू दमून जमिनीवर उतरते. घंटा होते. टोळी गजाआड!

पुढे कैदेतही त्या बाईसाहेबांचे स्वप्न सुटत नाही. मॉस्कोतल्या झारांच्या रत्नांकडे त्यांचे लक्ष लागतेच. पण पाखराशी मी थांबतो. आमच्या चोराला चकलीने धरले, या चोरांना पाखराने.

हा चित्रपट काढणाऱ्या ज्यूल्स दासँची कहाणी चित्रपटाहून कमी नाही. नाव फ्रेंच वाटले, तरी हा गृहस्थ अमेरिकन, १९११ सालचा जन्म. हॉलिवूडमध्ये चांगले नाव मिळवले असताना, तिथे साम्यवादी म्हणून माणसे हुडकून काढण्याची लाट आली आणि दासँचे नाव काळ्या यादीत गेले. कामे बंद झाली. घर सोडून तो युरोपात आला. काही वर्षांच्या हलाखीनंतर १९५५ साली पॅरिसमध्ये त्याने 'रिफिफी' नावाचा चित्रपट काढला. त्यातही जवाहिऱ्याच्या दुकानावर घातलेला दरोडा आहे. जवळजवळ अर्धा तास पडद्यावर कोणी अवाक्षर बोलत नाही, संगीतही वाजत नाही. नुसते छताला पडणारे भोक आणि प्रेक्षकांचे श्वास. पण तो चित्रपट हसवणारा नव्हे. त्यातले चोर एकेक करून मरतात.

या गंभीर चोरीची पहिली थट्टा इटालियन लोकांनी केली. मारिओ मोनिचेल्ली या दिग्दर्शकाने १९५८ साली रोममधल्या भणंग चोरांचा एक चित्रपट काढला. त्यातले चोर मोठ्या शास्त्रशुद्ध पद्धतीने भिंत फोडतात, पण भलतीच! पलीकडे तिजोरी नसून स्वयंपाकघर निघते. मग ते तिथेच बसून हरभरे घातलेला पास्ता खातात. आजीने हा चित्रपट पाहिला असता, तर "आमचाच तो!" असे नक्की म्हटले असते. आणि १९६४ साली दासँने 'तोपकापी' काढून स्वतःच्या 'रिफिफी'चीच थट्टा केली. एरिक ॲम्ब्लर या इंग्रज लेखकाच्या १९६२ सालच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. त्या कादंबरीतला सिम्पसन अर्धा इंग्रज, अर्धा मिसरी. कोणताच देश त्याला आपला म्हणायला तयार नसतो. ज्याचा स्वतःचा देश सुटला होता त्या दासँला ही गोष्ट का भावली असेल, हे सांगायला नको.

या हास्यकथेला एक खरी शेपूटही फुटली. 'तोपकापी' अमेरिकेत झळकला आणि त्याच वर्षी, २९ ऑक्टोबरच्या रात्री, फ्लॉरिडातल्या काही तरुणांनी न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयात शिरून रत्ने लांबवली. स्फूर्ती या चित्रपटाची, असे तेव्हापासून सांगितले जाते. लुटीत 'स्टार ऑफ इंडिया' नावाचा ५६३ कॅरटचा नीलमणी होता. नाव हिंदुस्थानचे, जन्म मात्र सिंहलद्वीपाचा! तिथे तल्लख जमीन वगैरे काही नव्हते. खिडक्या हवेसाठी किलकिल्या ठेवलेल्या, आणि घंटेची बॅटरी केव्हाच मेलेली. सिनेमातल्या चोरांना पाखराने पकडून दिले. खऱ्या संग्रहालयाला घंटाच नव्हती! तरीही चोर दोन दिवसांत सापडले, आणि नीलमणी पुढच्या जानेवारीत मायामीच्या बसस्थानकावरच्या एका कप्प्यात मिळाला.

आता मुख्य गोष्ट. दोरीचे दुसरे टोक मला सापडले ते इथे. तो खंजीर सुलतानाने बनवून घेतला कोणासाठी? नादिरशहासाठी! होय, तोच नादिरशहा. १७३९ च्या मार्चमध्ये त्याने दिल्लीत कत्तल केली, मयूरासन आणि मोगलांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा खजिना उंटांवर लादला आणि मे महिन्यात तो परत फिरला. त्याच दिवसांत इकडे चिमाजीअप्पांची फौज वसईच्या तटाला भिडली होती. मे महिन्यातच वसई पडली. नादिरशहाच्या बातम्यांनी पुण्याची झोप उडाली होती, पण मराठ्यांची मोठी फौज इकडे गुंतलेली, आणि तोवर पाहुणा लूट घेऊन गेलाही.

पुढे १७४६ साली इराण आणि तुर्कस्तान यांच्यात तह झाला. नादिरशहाने सुलतान पहिल्या महमूदला रत्नजडित सिंहासन धाडले. ते तोपकापीत आहे आणि त्याची कारागिरी हिंदुस्थानी मानली जाते. सुलतानाने उलट भेट म्हणून हा पाचूंचा खंजीर रवाना केला. वकील वाटेत असतानाच १७४७ साली नादिरशहाचा त्याच्याच माणसांनी खून केल्याची वार्ता आली. आता द्यायचा कोणाला? खंजीर मुकाट परत आला आणि जामदारखान्यात जाऊन बसला.

म्हणजे पाहा, ज्या खंजिराच्या चोरीला आपण पोट धरून हसतो, तो एका अस्सल लुटारूला शाबासकीदाखल निघालेला होता! दोरीला लोंबकळणारे सहा जण चोर ठरले. शहर लुटणाऱ्याला मात्र सुलतानाचा नजराणा. आपल्या त्र्यंबकेश्वरच्या देवाचा 'नासिकचा हिरा' १८१८ साली पेशवाईबरोबर इंग्रजांच्या हाती गेला आणि लंडनच्या बाजारात पोहोचला. तेव्हा कुठलीच घंटा वाजली नाही.

आणि या विचाराला शेवटचे वळण दिले ते त्या चित्रपटातल्या 'चोर' बाईनेच. १९६७ साली ग्रीसमध्ये लष्कराने सत्ता बळकावली. मेलिना मर्कुरी त्यांच्याविरुद्ध बोलत राहिली, तेव्हा तिचे नागरिकत्व काढून घेण्यात आले. १९६६ साली तिचे दासँशी लग्न झालेच होते. देश हरवलेली दोन माणसे एकमेकांचा देश झाली. १९७४ साली लष्करशाही कोसळली, ती मायदेशी परतली आणि १९८१ साली ग्रीसची संस्कृतिमंत्री झाली. मंत्री होऊन तिने काय मागितले? अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरावरची शिल्पे! एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लॉर्ड एल्गिनने ती उतरवून विलायतेला नेली आणि १८१६ साली ब्रिटिश सरकारने विकत घेऊन संग्रहालयात ठेवली. पडद्यावर जिने संग्रहालय फोडले, तीच आता उघड्या दारातून, दिवसाढवळ्या, जगापुढे उभी राहून आपल्या घरचा ऐवज मागत होती.

तिचे मागणे तिच्या हयातीत पुरे झाले नाही. १९९४ साली ती गेली. म्हाताऱ्या दासँने तिच्या नावाची संस्था काढून ते मागणे चालू ठेवले. २००८ साली तोही अथेन्समध्येच वारला. पुढच्या वर्षी तिथे नवे ॲक्रोपोलिस संग्रहालय उघडले. लंडनला असलेल्या शिल्पांच्या जागी तिथे पांढऱ्या साच्यांचे नमुने बसवले आहेत. खऱ्याच्या जागी खोटे, अगदी तोपकापीतल्या खंजिरासारखे. फरक इतकाच, की इथे खोटे ठेवणारा चोर नसून धनी आहे.

नातवाला हे सगळे सांगून झाले, तेव्हा तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे आजोबा, लहान चोराला पाखरू पकडतं. मोठ्याला कोण?"

मला उत्तर सुचले नाही. मी चकलीचा डबा त्याच्यापुढे सरकवला. त्याने एक मोडली. आणि खरे सांगतो, त्या आवाजासरशी मी उगाचच दाराकडे पाहिले.