भाकरीतला ठेचा, पावातला वडा

नीरा आणि भीमा या नद्यांच्या संगमावर, पुणे जिल्ह्याच्या अगदी आग्नेय टोकाला नरसिंहपूर वसले आहे. लक्ष्मी-नृसिंहाच्या देवस्थानामुळे हे गाव सर्वांना परिचित आहे. आम्हांला मात्र येथे त्याची आठवण होते ती तिकडच्या शिदोरीमुळे. इंदापूर-बारामतीच्या या ज्वारीच्या मुलखात शेताकडे निघालेला माणूस दोन भाकरींच्या मध्ये ठेचा किंवा घट्ट पिठले घालून ती चवड फडक्यात बांधून घेतो. दुपारी बांधावर बसायचे, कांदा बुक्कीने फोडायचा आणि न्याहारी उरकायची. ताट नको, वाटी नको, पाट तर नकोच. तुकोबांची पालखी बारामती, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असा मार्ग क्रमीत नीरा ओलांडते, तेव्हा वारकऱ्यांच्या पडशीतही असलीच शिदोरी असते. इंग्रज ज्याला सँडविच म्हणतो, ते याहून फारसे निराळे नाही.

सँडविच हे मुळात इंग्लंडमधील केंट परगण्यातील एका गावाचे नाव. त्या गावाच्या नावाने उमरावकी मिळालेल्या घराण्यातील चौथा अर्ल जॉन माँटेग्यू (१७१८ ते १७९२) हा ब्रिटिश आरमाराचा मुख्य कारभारी होता. जुगाराच्या टेबलावरून उठावे लागू नये म्हणून त्याने पावाच्या दोन कापांमध्ये मांस घालून मागवले, अशी आख्यायिका एका फ्रेंच प्रवाशाने प्रसृत केली. त्याच्या चरित्रकाराला मात्र हा माणूस जुगारापेक्षा कचेरीतील कागदपत्रांत अधिक बुडालेला दिसतो. कारण काहीही असो, १७६२ साली इतिहासकार एडवर्ड गिबनच्या रोजनिशीत हा शब्द आलेला आहे. म्हणजे तोवर लंडनच्या क्लबांतून तो रूढ झाला होता.

नाव इंग्रजी असले, तरी कल्पना फार जुनी आहे. येशूच्या जन्माच्या थोडे आधी यरुशलेमेत हिल्लेल नावाचे थोर यहुदी शास्त्री होऊन गेले. वल्हांडणाच्या भोजनात बेखमीर भाकर, कोकराचे मांस आणि कडू भाजी ही एकत्र धरून खावी, असा त्यांचा प्रघात होता. मिसरमधून घाईघाईने निघालेल्या पूर्वजांचे स्मरण करण्यास वाटेवरच्या माणसाचा हा घास किती समर्पक होता, हे वेगळे सांगावयास नको.

आपल्याकडे मात्र या घासाच्या इतिहासाला एक कडवट बाजू आहे. भाकर आपली, पाव परका. ‘पाव’ हा शब्दच पोर्तुगिजांनी आणला. १५३४ च्या तहाने वसई त्यांच्या हाती गेली, गोवा त्याआधीच गेला होता. येथे यीस्ट मिळत नसे, म्हणून माडाच्या सुरेने पीठ आंबवून पाव भाजण्याची युक्ती निघाली आणि गोव्यात पदेरांचा व्यवसाय उभा राहिला. त्या काळाविषयी आजही एक गोष्ट सांगितली जाते: गावच्या विहिरीत पावाचा तुकडा टाकला, नकळत लोक ते पाणी प्याले आणि सारा गाव बाटला. असे प्रत्यक्ष कितीदा घडले, हा प्रश्न निराळा. पण पाव म्हणजे बाटवणारी वस्तू ही समजूत मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकली.

१७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. तेथील ख्रिस्तमंदिरांतील घंटा विजयचिन्हे म्हणून मराठी मुलखातील देवळांना मिळाल्या. त्यांपैकी एक भीमेच्या उगमापाशी भीमाशंकरला आजही टांगलेली आहे. तीच भीमा पुढे नरसिंहपुरास येते. घंटेला देशावर मान मिळाला. त्याच वसईच्या पावाला मात्र उंबरठ्याच्या आत यावयास दीडशेहून अधिक वर्षे थांबावे लागले.

तो अडसर किती भक्कम होता, हे त्याच पुणे जिल्ह्यातील एका प्रकरणावरून दिसते. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशन या अँग्लिकन संस्थेत काही प्रतिष्ठित पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आणि गोखले होते. उपस्थितांची नावे वृत्तपत्रात झळकली, ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि १८९२ मध्ये रानड्यांसारख्या सुधारकालाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. जेथे एक पेला चहा इतका महाग पडला, तेथे पावाची कथा काय?

ख्रिस्ती माणसाने ही अढी आपल्या अंगावर झेलली आहे. मुंबईत पोटासाठी आलेल्या गोवेकर बंधूंना ‘माकापाव’ म्हणून हिणवण्यात येई. ज्या अन्नावर त्यांनी घाम गाळून मुले वाढवली, त्याचीच शिवी झाली. तथापि मुंबई ही कष्टकऱ्यांची नगरी. गिरण्यांचे भोंगे, आगगाड्यांच्या वेळा आणि चाळीतील एकाच खोलीतले बिऱ्हाड यांपुढे सोवळे-ओवळे फार काळ तग धरू शकले नाही. गोवेकरांच्या व इराण्यांच्या भट्ट्यांतला पाव स्वस्त होता, तयार होता आणि खिशात मावत होता.

१९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी बटाटावडा पावात घालून विकण्यास प्रारंभ केला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. घाईत असलेल्या गिरणी कामगाराला हे पोटभरीचे खाणे सोयीचे ठरले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या ओस पडल्या, तेव्हा वडापावच्या गाडीने कित्येक बेकार हातांना काम दिले. त्याच रस्त्यांवर सँडविचवाल्याचाही ठेला उभा राहिला. त्याची रीत पाहण्यासारखी आहे. कापांना आधी लोणी फासायचे, म्हणजे काकडी-टोमॅटोचे पाणी पावात मुरत नाही. मग कोथिंबीर-मिरचीची हिरवी चटणी, उकडलेला बटाटा, बीट, कांदा आणि वर मसाल्याची चिमूट. हवे असल्यास लोखंडी साच्यात दाबून शेगडीवर भाजायचे. नाव अर्लचे, पाव पोर्तुगिजांचा, बटाटा व टोमॅटो अमेरिका खंडातले आणि चव मात्र निखालस आपली!

१९९५ साली शासनाने एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना सुरू केली. भाकरीलाही वाटेवर आणून उभे करण्याचा तो प्रयत्न होता. पण ती योजना पुढे बंद पडली. याचे एक कारण पिठातही शोधता येईल. ज्वारीला गव्हाचा चिकटपणा नाही. भाकर गरम असताना लवते, वाळली की तडकते, आणि ती थापणारे हात क्षणोक्षणी चुलीपाशी असावे लागतात. पाव मात्र पहाटे भाजला की संध्याकाळपर्यंत भरलेले सारण सांभाळतो. आज इंदापूरच्या एस.टी. स्थानकावर उतरलेला नरसिंहपूरचा यात्रेकरू वडापाव हातात घेतो, तेव्हा तो कोणी भाजला, हा प्रश्न त्याच्या मनालाही शिवत नाही. एकेकाळी ज्याने जात जाई, ते अन्न आता साऱ्या जातींचे झाले. कोणत्याही परिषदेच्या ठरावाने हे घडले नाही. भुकेने आणि घाईने ते घडवले.

आपल्या मराठी प्रार्थनेत आपण देवापाशी रोजचा पाव मागत नाही, भाकर मागतो. भाषांतरकारांनी हा शब्द योजला, तेव्हा नरसिंहपूरच्या बांधावरची ती चवडच जणू त्यांच्या डोळ्यांसमोर असावी. ज्यांच्या पूर्वजांना पावावरून टोमणे ऐकावे लागले, त्या आपल्या घरांतून बाप्तिस्म्याच्या समारंभात चटणी-सँडविचची ताटे फिरतात, तेव्हा शेजारीपाजारीही निःसंकोच हात पुढे करतात. त्या हाताचा इतिहास आपल्या मुलांना ठाऊक असावा, एवढ्यासाठीच हा प्रपंच. उद्या कोणाच्या ताटातील घासाकडे पाहून नाक मुरडण्याची वेळ त्यांच्यावर आली, तर त्यांनी तो इतिहास आठवावा.