चिटाचा जोड

आमच्याकडं बायांची लुगडी मागावरची असायची. त्यांची नक्षी विणीतच. छापील कापड म्हणजे चिटाचं. पोरींचे परकर, झंपर, गोधडीचं अस्तर त्यातलं. थानभर फुलंच फुलं, पण एका ठशाची नक्षी कुठं संपली न् दुसऱ्याची कुठं सुरू झाली, ते सापडत नाही. ते सापडू नये यातच कारागिराची हुशारी.

ठसा सागाचा, वीतभर. गांधीनगरजवळच्या पेथापूरला असे ठसे कोरणारी घराणी आहेत. लाकूड घासून त्यावर पांढरा लेप द्यायचा, नक्षी उतरवायची आणि मधली मोकळी जागा छिन्नीनं काढायची. डाव्या कडेला तुटलेली वेल उजव्या कडेला नेमक्या त्याच उंचीवर निघाली पाहिजे, वर-खाली तसंच. केसभर फरक पडला तर तोच थानभर दिसत जातो. रंगागणिक ठसा वेगळा: एक रेघेचा, एक भरावाचा, एक जमिनीचा. कोपऱ्यातल्या बारीक खुणेवर पुढचा ठसा टेकवायचा. कपाशी फुलीवर लावायला आपण दोरीवर खुणा करतो, तसंच हे. फुलं नुसती सरळ रांगेत घेतली तर कापडावर तासं पडल्यासारखी दिसतात. म्हणून शेजारची रांग अर्ध्यानं सरकवतात, भिंतीतल्या विटांसारखी.

ही विद्या आपल्याकडं जुनी. गुजरातेत ठशानं छापलेल्या सुती कापडाचे शेकडो वर्षांपूर्वीचे तुकडे इजिप्तमध्ये, जुन्या कैरोतल्या फुस्तातला सापडले. पुढं विलायतेत आपल्या चिटाचं असं वेड लागलं, की तिथले विणकर चिडले. इंग्लंडनं १७०० साली छापील कापड आणायला बंदी केली आणि १७२१च्या कायद्यानं छापील सुती कापड वापरायलाच मनाई केली. ती १७७४ला उठली. नऊच वर्षांनी, १७८३ला, टॉमस बेलनं तांब्याच्या कोरीव रुळानं कापड छापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. आता जोड जुळवायचा तो रुळाच्या घेरात. जेवढा घेर, तेवढ्यात नक्षी फिरून पहिल्या जागी आली पाहिजे. हात थांबायचा, रूळ थांबत नव्हता.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी चालली. तिकडचा कापूस अडला, तेव्हा वऱ्हाड-खानदेशातल्या कापसाला विलायतेत मागणी आली. त्याच शतकात स्कॉटलंडच्या कारखान्यांत लालभडक कापडावर मोर आणि कोयऱ्या छापून खास हिंदुस्थानच्या बाजारात पाठवत. मोर आपला, कोयरी आपली, गिऱ्हाईकही आपलंच. छपाईची मजुरी आणि नफा मात्र तिकडं. शेतकऱ्याला आणि ठसेवाल्याला एकाच वेळी लागलेली ही ठेच. कापूस पिकवणारा न् नक्षी काढणारा, दोघांचंही नाव थानावर कधी नव्हतं.

कच्छमध्ये धमडक्याचे छपाईवाले अजून हातानं अजरख छापतात. २००१च्या भूकंपात गाव पडलं, पाण्याचीही अडचण झाली, तेव्हा त्यांच्यातल्या काहींनी भूजजवळ नवं गाव वसवलं. त्याला नाव दिलं अजरखपूर. आता संगणकावर जोड घटकाभरात जुळतो, तिथं मात्र अजून डोळ्यानं न् हातानं जुळवतात. असं कापड हाती आलं तर उजेडात धरून बघा. बारीक बघितलं तर एखाद्या जागी ठसा जरासा सरकलेला दिसेल. तिथं माणूस होता, एवढं त्यावरून कळतं.