पितळी पुंगळीचा ताव

'घटनास्थळी रिकाम्या पुंगळ्या सापडल्या' हे पोलिसांच्या पंचनाम्यातील ठरलेले वाक्य. वर्तमानपत्राच्या वाचकाला पुंगळी ठाऊक असते ती अशी, गोळीबाराची मागे उरलेली खूण म्हणून. अमेरिकेतील हौशी नेमबाज मात्र चांदमारी संपल्यावर या पुंगळ्या वाकून वाकून वेचतो, घरी नेतो, स्वच्छ करतो आणि त्यांत पुन्हा बारूद भरतो. काडतुसाचे घटक चार : गोळी, बारूद, ठिणगी पाडणारी प्रायमर नावाची टोपी आणि या सर्वांना एकत्र धरणारी पितळी पुंगळी. पहिले तीन एकदाच कामी येतात. पुंगळी बहुधा सर्वांत महाग, आणि नीट निगा राखली तर ती अनेकदा वापरता येते. त्या निगेतील सर्वांत नाजूक आणि सर्वांत वादग्रस्त भाग म्हणजे पुंगळीला ताव देणे. धातुशास्त्रात या क्रियेला 'अनुशीतन' म्हणतात. नेमबाजांच्या तोंडी 'ॲनीलिंग' हाच शब्द असतो.

स्वतःच्या वापरासाठी घरी काडतुसे भरायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार परवाना लागत नाही. विक्रीसाठी ती तयार करायची असतील, तर १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्याखाली परवाना घ्यावा लागतो. त्यामुळे मोटार ठेवण्याच्या खोलीत एक भक्कम टेबल, त्यावर हाताने दाबण्याचे यंत्र आणि शेजारी पितळी पुंगळ्यांचे डबे हे दृश्य तेथे नवे नाही. या छंदाला इतिहासाचा एक गमतीदार हातभार लागला आहे. १८६६ च्या सुमारास अमेरिकेच्या हायरम बर्डन यांनी एक प्रकारचा प्रायमर काढला, तर ब्रिटनच्या एडवर्ड बॉक्सर यांनी दुसरा. पुढे बर्डन यांची पद्धत युरोपात रुजली आणि बॉक्सर यांची अमेरिकेत. बॉक्सर पद्धतीच्या पुंगळीत ठिणगी आत जाण्याचे छिद्र एकच आणि बरोबर मध्यभागी असते. एक सुई आत घातली की जुना प्रायमर बाहेर पडतो. बर्डनच्या पुंगळीत हे काम कटकटीचे आहे. अमेरिकेत घरोघरी काडतुसे भरली जाऊ लागली, त्यात या मधल्या छिद्राचाही वाटा आहे.

मान मऊ, बूड कठीण

काडतुसाचे पितळ म्हणजे सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त. रायफलच्या पुंगळीला मान असते, खांदा असतो आणि बूड असते. गोळी मानेत घट्ट बसवलेली असते. बार उडाला की आतल्या वायूच्या दाबाने पुंगळी फुगते, बंदुकीच्या चेंबरच्या भिंतीला चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही. दाब उतरताच ती किंचित आक्रसते, म्हणून ओढून काढता येते. या एवढ्याशा वस्तूकडून दोन परस्परविरुद्ध अपेक्षा असतात. मान मऊ आणि लवचीक हवी, म्हणजे ती न तडकता फुगेल. बूड कठीण हवे, कारण सर्व दाब अखेर त्याच्यावर येतो. '.३०८ विंचेस्टर' या प्रचलित काडतुसात कमाल दाबाची मर्यादा दर चौरस इंचाला ६२ हजार पौंड इतकी आहे. मोटारीच्या चाकातील हवेच्या दाबाच्या ही सुमारे दोन हजार पट.

कारखान्यात पितळेच्या वाटीसारख्या तुकड्यापासून पुंगळी ओढत ओढत लांब करतात. प्रत्येक ओढीनंतर पितळ कठीण होते, म्हणून मध्ये मध्ये ते भट्टीत तापवून मऊ करतात. शेवटी केवळ मानेला आणि खांद्याला आच दिली जाते. लष्करी काडतुसांवर मानेपाशी निळसर-तपकिरी झाक दिसते, ती याच आचेची. खासगी कंपन्या हा डाग पुष्कळदा घासून काढतात. ग्राहकाला तो मळ वाटतो!

घरी मात्र कारखान्यातील ही व्यवस्था हळूहळू बिघडते. दर वेळी बार उडताना मान फुगते आणि काडतूस पुन्हा भरताना साच्यात दाबून ती पूर्ववत अरुंद करावी लागते. तार त्याच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की ती कडक होते आणि मग तुटते, तसेच हे. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत ही गोष्ट कोणाला समजावून सांगावी लागणार नाही. तांबट भांड्याला मठारतो ते त्याला कणखर करण्यासाठी, आणि ठोकताना पत्रा कडक झाला की भट्टीत घालून ताव देतो, म्हणजे पुढचे ठोके सोसण्याइतका तो मऊ होतो. ठोके बसल्याने धातूच्या स्फटिकांची रचना विस्कटते. पुरेशी उष्णता मिळाली की जुन्या, ताणलेल्या स्फटिकांच्या जागी नवे, ताणरहित स्फटिक तयार होतात.

ताव न दिलेल्या पुंगळीची मान काही वापरांनंतर उभी चिरते. परंतु चिरण्याच्या कितीतरी आधी दुसरा दोष डोकावतो. काही माना जास्त कडक आणि काही कमी, अशी स्थिती झाली की गोळीवरची पकड सारखी राहत नाही आणि गोळीचा वेग बदलतो. शंभर यार्डांवर हा फरक जाणवत नाही. हजार यार्डांवर मंद गोळी खाली उतरते आणि स्पर्धा हातची जाते.

पावसाळ्यातल्या तबेल्यांचे कोडे

पितळातला हा अदृश्य ताण किती घातक ठरू शकतो, याचा धडा ब्रिटिश फौजेला हिंदुस्थानात मिळाला होता. पावसाळ्यात लष्करी हालचाली मंदावत. त्या काळात काडतुसे तबेल्यांत साठवून ठेवली जात. उघाडी झाल्यावर पेट्या उघडल्या, तर न उडवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्याच तडकलेल्या! मानेत जेथे गोळी घट्ट आवळलेली होती, तेथे या चिरा विशेष दिसत. कोणी हात लावला नव्हता, कोणी आपटले नव्हते. या विकाराला 'सीझन क्रॅकिंग' असे नाव पडले.

उलगडा व्हायला १९२१ साल उजाडले. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या ब्रिटिश संशोधकांनी दोषी शोधला तो घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया. दमट हवेत हा वायू पितळावर बसतो आणि धातूत आधीच ताण साठलेला असेल, तर स्फटिकांच्या सांध्यांतून चिरा पडत जातात. ताण नसेल तर अमोनिया एवढे नुकसान करत नाही आणि अमोनिया नसेल तर नुसत्या ताणाने पुंगळी तडकत नाही. उपाय सोपा होता. पितळ २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले, तर त्याची कठीणता फारशी न घटता ताण निघून जातो. आजही जाणकार नेमबाज पुंगळ्या अमोनियायुक्त पॉलिशने घासत नाहीत, त्यामागे हाच अनुभव आहे.

आच किती, कोठवर?

ताण काढणे वेगळे आणि मान खरोखर मऊ करणे वेगळे. दुसऱ्या कामासाठी जास्त उष्णता लागते. धातुशास्त्राच्या पुस्तकांत या पितळासाठी ४२५ ते ७६० अंश ही कक्षा दिलेली असते. तथापि हे आकडे भट्टीत बराच वेळ ठेवलेल्या धातूचे आहेत. घरच्या टेबलावर गॅसची ज्योत मानेला लागते ती पाच-आठ सेकंद. वेळ जितका कमी, तितकी आच जास्त हवी. जुन्या माहितीपुस्तिकांतील ४०० अंशांचा आकडा एवढ्या कमी वेळात कितपत परिणाम करतो, याबद्दल शंका घेणारे म्हणूनच चुकत नाहीत.

पद्धती अनेक आहेत. सर्वांत स्वस्त म्हणजे ज्योतीत पुंगळी फिरवत ठेवणे. अंधाऱ्या खोलीत मानेवर लालीची पहिली पुसट झाक दिसली की ती बाजूला काढतात. तापलेला धातू डोळ्यांना दिसू लागतो तो सुमारे ५२५ अंशांना. झगझगीत नारिंगी रंग आला तर गेलीच म्हणायचे. मान इतकी मऊ होते की गोळी धरवत नाही, आणि ती पुन्हा तापवून कडक होत नाही. फार तापल्यास पितळातील जस्तही उडू लागते. त्याचा धूर छातीत गेला की थंडी वाजून ताप येतो. पितळ ओतणाऱ्या कारागिरांचा हा जुनाच आजार. काही जण खांद्याखाली विशिष्ट तापमानाला वितळणाऱ्या रंगाची रेघ ओढतात. ती वितळली नाही, म्हणजे उष्णता बुडाकडे फार उतरली नाही. वितळलेल्या क्षारात मान बुडवण्याचीही रीत आहे. तिच्यात तापमान स्थिर राहते, मात्र पाण्याचा एक थेंब पडला तरी तप्त क्षार अंगावर उसळतो. अलीकडच्या यंत्रांत तारेच्या वेटोळ्यातील विद्युतप्रवाहाने मान तापते आणि सेकंदाच्या अंशापर्यंत वेळ ठरवता येतो. किंमत मात्र हौशी माणसाला विचार करायला लावणारी आहे.

तापलेली पुंगळी पाण्यात टाकण्याची प्रथा पुष्कळांत आहे आणि तिच्याविषयी गैरसमजही तेवढाच आहे. पोलाद लाल करून पाण्यात बुडवले की कठीण होते; या पितळाचे तसे नाही. पाण्यात टाका वा हवेत ठेवा, मान मऊच राहते. पाण्याचा उपयोग आच बुडाकडे सरकू न देण्यापुरता. यासाठीच जुन्या पद्धतीत पुंगळ्या परातीत उभ्या करून बूड पाण्यात ठेवत. भोवती पाणी असेतोवर बुडाचे तापमान फारसे १०० अंशांपलीकडे जात नाही.

सगळी काळजी आहे ती या बुडासाठी. मान बिघडली तर नेम चुकेल. बूड मऊ पडले तर हजारो पौंडांच्या दाबाखाली ते पसरते, प्रायमर सुटतो आणि तप्त वायू नेमबाजाच्या चेहऱ्याच्या दिशेने मागे येतो. संपूर्ण पुंगळी भट्टीत घालून 'एकसारखा' ताव देण्याची कल्पना म्हणून जीवघेणी आहे. भरलेले काडतूस वा जिवंत प्रायमर असलेली पुंगळी आचेजवळ नेऊ नये, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी. तरी प्रत्येक माहितीपुस्तिका ते सांगतेच. ताव प्रत्येक वापरानंतर द्यावा की तीन-चार वापरांनंतर, यावर नेमबाजांचे एकमत नाही. दूरच्या पल्ल्याच्या स्पर्धेतले अनेक जण दर वेळी देतात. मैदानावर दोनदा-तीनदा वापरून पुंगळी हरवणाऱ्याने हा खटाटोप न केला तरी चालेल.

भारतात घरी काडतुसे भरण्याची अशी मोकळीक नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे कलम ५ परवान्याशिवाय दारूगोळा तयार करण्यास मनाई करते. महाराष्ट्रात पितळी काडतुसांचे काम चालते ते १८६९ पासूनच्या खडकीच्या कारखान्यात आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगावात. २०२१ पासून हे दोन्ही कारखाने 'म्युनिशन्स इंडिया' या सरकारी कंपनीकडे आहेत. येथील स्पर्धात्मक नेमबाजांपुढे हा प्रश्न बव्हंशी उभाच राहत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात .२२ व्यासाची काडतुसे लागतात. त्यांत प्रायमरची टोपी वेगळी नसते. स्फोटक मिश्रण बुडाच्या काठातच भरलेले असते आणि बार उडताना तो काठ चेपला जातो. अशी पुंगळी पुन्हा भरता येत नाही. तिला मोडीखेरीज वाट नाही.