अंगचे माप

उज्जैनच्या वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहिता रचली, तेव्हा ग्रहनक्षत्रे, पाऊस, वास्तू यांच्या जोडीला माणसाच्या शरीराची मापेही त्याने नोंदवून ठेवली. उत्तम पुरुषाची उंची १०८ अंगुळे, मध्यमाची ९६, कनिष्ठाची ८४. आकडे नुसते वाचले तर आजच्या लार्ज, मीडियम, स्मॉलची आद्य पट्टीच हाती लागली असे आपल्याला वाटेल. पण वराहमिहिराची अट अशी, की अंगुळे मोजायची ती ज्याची त्याच्याच बोटांनी. ठेंगण्या माणसाचे बोटही लहानच असणार, तेव्हा तोही १०८ भरू शकतो. उंची दुसऱ्या कोणाशी ताडायची नाही, स्वतःच्या अवयवांशी ताडायची. पुढे पाचशे वर्षांनी धारानगरीत, राजा भोजाच्या नावावर असलेल्या समरांगणसूत्रधारात मूर्तींच्या मापांचा विस्ताराने विचार झाला. पुरुषांच्या बरोबरीने स्त्रियांचे प्रकारही त्यात आले. मूर्तिकार मापाला ताल धरतो तोही त्याच मूर्तीच्या चेहऱ्याएवढा. धार-देवासच्या मुलखात बायकांच्या कपड्यांचे माप कसे ठरत आले हे पाहायचे, तर सुरुवात इथूनच करावी. माप ज्याच्या त्याच्या अंगचे असते हा विचार माळव्यात जुना आहे. तो कसकसा हातचा गेला, ते आता पाहू.

वराहमिहिरापासून बाराशे वर्षे ओलांडून आपण १७२८ च्या नोव्हेंबरात येतो. धारच्या परिसरातल्या अमझेऱ्याला चिमाजीअप्पाने मोगल सुभेदार गिरिधर बहादुराचा पराभव केला आणि माळवा मराठ्यांना मोकळा झाला. मराठा सरदार पवारांची एक शाखा धारला स्थिरावली. तुकोजी आणि जिवाजी या भावांच्या दोन गाद्या देवासला झाल्या. लष्करामागून कुटुंबे आली, आणि त्यांच्याबरोबर दख्खनचे लुगडे आणि चोळी आली. लुगडे हातावर मोजले जाई, सोळा हात, अठरा हात. चोळी खणातून बेतली जाई. एका खणात एक चोळी. या वेशाचे शिवणकाम जवळून पाहिले तर त्यातली सोय ध्यानात येते. चोळीची दोन टोके छातीखाली गाठ मारून बांधायची, म्हणजे अंग भरले तर गाठ सैल, वाळले तर घट्ट. लुगड्यात उंचीचा फरक कमरेशी खोचताना जिरतो, घेराचा फरक निऱ्यांत जिरतो, आणि उरलेले सगळे कासोट्यात जाते. स्थानिक भिल्ल आणि माळवी बायकांच्या घाघऱ्याला नाडी होती, कांचळीला पाठीवर बांधायचे बंद होते. म्हणजे गाठ, नाडी आणि बंद, असा सगळा कारभार बांधण्यावर चालला होता.

१७७४ साली राघोबादादांची पत्नी आनंदीबाई धारच्या किल्ल्यात राहिली ती गरोदर असताना, आणि १७७५ च्या जानेवारीत दुसऱ्या बाजीरावाचा जन्म तिथेच झाला. तिच्या काळचा वेश असा होता, की सातव्या महिन्यातली बाई, बाळंतीण आणि वर्षभराने पुन्हा पूर्ववत झालेली बाई एकाच लुगड्यात वावरू शकत असे. त्याच सुमारास, मांडवगडचा घाट उतरून नर्मदेकाठी गेले की लागणाऱ्या महेश्वरात अहिल्याबाईंनी वसवलेले विणकर लुगडी विणत होते. विणकराला गिऱ्हाईक बाईची छाती किंवा कंबर किती, हे विचारण्याची गरजच नव्हती. याचा अर्थ तो काळ बायकांना सुखाचा होता असा नाही. एवढे मात्र खरे, की कपडा अंगाला लागला नाही म्हणून स्वतःच्या अंगाला बोल लावायची वेळ त्या वेशाने कोणावर आणली नाही.

माप अंगापासून सुटले ते फार दूर, आणि त्याची मुळे पलटणीच्या गणवेशात आहेत. युरोपातला शिंपी अठराव्या शतकापर्यंत प्रत्येक गिऱ्हाइकासाठी कागदाची एक पट्टी ठेवी आणि तिच्यावर खाचा पाडून त्या एका माणसाची मापे टिपे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंचांची फीत आली आणि सगळी अंगे एकाच आकड्यांत उतरू लागली. १८१७ मध्ये एडिंबरोच्या एका वैद्यकीय नियतकालिकात स्कॉटिश शिपायांच्या छातीची मापे छापून आली. ती घेतली होती गणवेश पुरवणाऱ्या एका कंत्राटदाराने. बेल्जियमचा खगोलशास्त्रज्ञ केतले याने १८३५ मध्ये ‘सरासरी माणूस’ ही कल्पना मांडली होती. त्याने १८४६ मध्ये ही ५,७३८ छात्यांची मापे हिशेबाला घेतली आणि त्यांचे मध्यमान चाळीस इंचांच्या किंचित आत काढले. त्याच्या लेखी ही सरासरी म्हणजे निसर्गाने योजलेला नमुना होता आणि तिच्यापासूनचा फरक म्हणजे चूक. मला हे वळण सर्वांत महत्त्वाचे वाटते. सरासरी हा शब्द आपण आज इतक्या निर्धास्तपणे वापरतो, पण त्याच्या पाळण्याशी एक शिंपीकामाची वही होती, आणि तिच्यात एकही बाई नव्हती.

इकडे १८१८-१९ च्या तहांनी धार आणि देवास इंग्रजांच्या छत्राखाली गेले, महूला छावणी बसली, हाताची जागा वाराने घेतली. अठरा हाती लुगडे नऊवारी झाले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत शिकलेल्या घरांतून चोळी मागे पडून पोलके आणि मग ब्लाउज आला, नऊवारीची पाचवारी झाली, शिवणयंत्र घरात आले. १९०९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनाने रमाबाई रानड्यांच्या देखरेखीखाली बायकांना जी कामे शिकवली त्यांत शिवण होते. मुंबईच्या झारापकरांच्या कटिंगच्या पुस्तकाने तर मराठी आणि हिंदी मुलखांतल्या पिढ्यान्‌पिढ्या घडवल्या. अशा पद्धतींचे तत्त्व असे, की छातीचे एक माप नीट घ्यावे आणि मुंढा, गळा यांचे बेत त्याच्या ठरावीक हिश्शांवरून काढावेत. अंगाअंगांचे प्रमाण जुन्या शास्त्रातही होते. फरक इतकाच, की आता ते इंचांत बसले आणि सगळ्यांना एकच झाले.

तरीही माळव्यातल्या शिंप्याने आणि त्याच्या गिऱ्हाइकांनी एक पळवाट राखली, ती म्हणजे मापाचा ब्लाउज. आजही धारच्या किंवा देवासच्या बाजारात आपण एखाद्या लेडीज टेलरच्या टेबलाशी उभे राहिलो तर दिसते, की बाई पिशवीतून नवे कापड आणि अस्तर काढते आणि त्यावर आपला एक जुना, धुऊन मऊ पडलेला ब्लाउज ठेवते. “यावरून घ्या, पण मुंढा जरा सोडा, दंडात आवळतोय.” शिंपी वहीत कापडाचा कपटा टाचतो आणि पुढे आकडे लिहितो : उंची १४, छाती ३६, कंबर ३१, शोल्डर १४, बाही ८. शिवताना आत दोन्ही बाजूंना बोटभर माया सोडतो, म्हणजे पुढेमागे उसवून वाढवता येईल. त्या वहीत सरासरी नावाची कोणतीही बाई नाही. आहे ती नाव, तारीख आणि बेत असलेली माणसे. भारत सरकारने १९५६ च्या कायद्याने मीटर आणला, १९६२ पर्यंत तो देशभर लागू केला. साडी मात्र नऊवारी, सहावारीच राहिली आणि शिंप्याची फीत इंचांतच बोलत राहिली.

याच मधल्या काळात अमेरिकेत बायकांच्या मापांचा पहिला मोठा खटाटोप झाला. तिथल्या कृषी खात्याच्या गृहअर्थशास्त्र विभागातील रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांनी १९३९-४० मध्ये पंधरा हजारांच्या आसपास स्त्रियांची प्रत्येकी ५९ मापे घेतली. अहवाल १९४१ मध्ये निघाला. गोऱ्या नसलेल्या स्त्रियांची मापे हिशेबातून काढून टाकण्यात आली. १९४५ मध्ये क्लीव्हलंडच्या एका वर्तमानपत्राने ‘नॉर्मा’ या पुतळ्याशी मिळतीजुळती बाई शोधण्याची स्पर्धा लावली. डॉ. डिकिन्सन आणि शिल्पकार बेल्स्की यांनी हजारो तरुणींच्या मापांची सरासरी काढून तो पुतळा घडवला होता. ३,८६४ स्त्रियांनी आपली मापे पाठवली, आणि नऊच्या नऊ मापांत जुळणारी त्यांत एकही निघाली नाही. बक्षीस सर्वांत जवळ आलेल्या बाईला द्यावे लागले. खरे तर तिथेच या कल्पनेचा निकाल लागला होता. तरी १९५८ मध्ये अमेरिकी सरकारने साइजचे मानक जाहीर केलेच, पुढे ते सुधारले, आणि १९८३ मध्ये मागे घेतले. मानक गेले, तक्त्यांची सवय जगभरच्या कारखान्यांत उरली.

आपल्याकडे माणसे मोजण्याचे काम निराळ्या हेतूने झाले. इरावती कर्वे बर्लिनला ऑयगेन फिशरच्या हाताखाली शिकायला गेल्या, तेव्हा कवटीच्या आकारावरून गोऱ्यांचे श्रेष्ठत्व दिसावे अशी गुरूची अपेक्षा होती. त्यांनी मापे घेतली आणि तसा संबंध दिसत नाही असे लिहिले. त्यांनी वि. म. दांडेकरांबरोबर केलेले महाराष्ट्रातील शरीरमापांचे पुस्तक १९५१ चे. मापाने माणसांची उतरंड लावायची नसते, हे त्यांनी कृतीने दाखवले. पुढे पोषणशास्त्राने ‘संदर्भ स्त्री’ उभी केली. २०१० पर्यंत तिचे वजन ५० किलोवरून ५५ झाले. २०२० मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने उंची १६२ सेंटिमीटर धरली. भारतीय स्त्रीची प्रत्यक्ष सरासरी उंची १५२ च्या आसपास आहे. ही संदर्भ स्त्री आहाराच्या हिशेबासाठी आहे, कपड्यांसाठी नाही, आणि पोटभर खायला मिळाले तर बाई किती वाढेल याचा तिच्यात विचार आहे. पण सरासरी, आदर्श आणि संदर्भ हे तीन वेगळे आकडे आहेत, ही गोष्ट दुकानातल्या आरशासमोर कोणी सांगत नाही.

त्या आरशासमोर आता धार-देवासच्या बायका उभ्या आहेत. कुर्ती आली, लेगिंग आली, ‘फ्री साइज’ आली. नऊवारीसुद्धा शिवून मिळू लागली. लग्नाला नेसायला सोपी, पण कंबर आणि उंची सांगून घ्यायची. ज्या वस्त्राला माप नव्हते त्यालाही अखेर माप लागले. साडीला जोडून येणारा ब्लाउजपीस बहुधा ८० सेंटिमीटरचा असतो. भरलेल्या अंगाच्या बाईला लांब बाही हवी असेल तर तो पुरत नाही. म्हणजे न शिवलेल्या कापडातही कोणीतरी एक बाई गृहीत धरलेली आहे. आणि कुर्तीचा तक्ता कसा होतो ते पाहिले तर आणखी वाईट वाटते. कारखान्यात साधारणतः एकच नमुना माणसावर घालून पाहिला जातो, बहुधा मीडियमचा. बाकीच्या साइज त्यावरून ठरावीक अंतराने वाढवत किंवा कमी करत नेतात. पोट आणि छाती वाढली म्हणून बाईचे खांदे त्या प्रमाणात रुंद होत नाहीत, पण तक्त्यात होतात. मग डबल एक्सएलचा खांदा दंडावर उतरतो आणि घालणारी म्हणते, “माझंच अंग बेढब.” हे वाक्य मी इतक्या बायकांच्या तोंडून ऐकले आहे, की ते खोडून काढण्यासाठीच ही सगळी वंशावळ उलगडावीशी वाटली.

धार जिल्ह्यातल्या पिथमपुरात आज निर्यातीचे कपडे शिवले जातात. प्रतिभा सिंटेक्ससारखी कंपनी सूत ते शिवलेला कपडा असे सगळे काम करून परदेशी ब्रँडांना माल पुरवते. अशा कारखान्यात गठ्ठ्यागठ्ठ्यावर साइज लिहिलेली असते, आणि तपासणाऱ्या बाईच्या हातात फीत असते, पण ती मोजते तो कपडा दूरच्या देशातल्या तक्त्याशी ताडून. १७ सप्टेंबर २०२५ रोजी बदनावर तालुक्यातल्या भैंसोला येथे पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कचे भूमिपूजन झाले. दोन हजार एकरांहून मोठी जागा आहे ती. दरम्यान निफ्ट या संस्थेने इंडियासाइझ नावाची भारतीय मापांची मोजणी हाती घेतली. २५,००० स्त्री-पुरुष, वये १५ ते ६५, त्रिमिती स्कॅनर, आणि केंद्रे सहा : दिल्ली, मुंबई, कोलकाता, हैदराबाद, बंगळूरु, शिलाँग. काम मोलाचे आहे. परक्या तक्त्याची उसनवारी त्याने थांबेल. पण यादीत माळवा नाही. भैंसोल्याला यंत्रे बसतील तेव्हा त्यांवर बसणाऱ्या कुक्षी, बदनावर, बागली, सोनकच्छच्या बायकांचीही मापे घ्यावीत, पस्तिशीच्या, दोन बाळंतपणे झालेल्यांची, शेतात राबून दंड भरलेल्यांची. आणि तक्ता एका सरासरीभोवती न बांधता निदान दोन-तीन अंगलटींचा करावा, मीडियमप्रमाणे डबल एक्सएलचा नमुनाही त्या मापाच्या जिवंत बाईच्या अंगावर घालून पाहावा, आणि निर्यातीच्या कपड्यातून बचतीसाठी कापली जाणारी ती बोटभर माया देशी बाजारासाठी शिवताना आत सोडावी.