साहाय्यित गर्भधारणा : टप्पे आणि मर्यादा

वर्षभर नियमित संबंध ठेवूनही दिवस राहिले नाहीत, तर वैद्यकशास्त्र त्याला वंध्यत्व म्हणते. पत्नीने पस्तिशी ओलांडली असेल, तर वर्षभर न थांबता सहा महिन्यांनी तपासणी करावी. पुण्याजवळच्या मारुंजी-हिंजवडीच्या आयटी पट्ट्यात शिक्षण, नोकरी आणि फ्लॅटचे हप्ते यांपायी मुलाचा विचार पुढे ढकलला जातो. म्हणून वयाचा हा निकष इथल्या जोडप्यांनी विशेष ध्यानात ठेवावा.

कारणे. स्त्रीबीज वेळेवर तयार न होणे, गर्भनलिका बंद असणे, गर्भाशयातील दोष आणि शुक्राणूंची कमतरता ही प्रमुख कारणे. वृषणांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागते. त्यामुळे भट्टीजवळ सतत काम करणाऱ्या कामगाराने ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. उपचारांचा परिणामही त्याआधी दिसत नाही.

उपचारांची चढण. दोष सौम्य असेल, तर गोळ्यांनी स्त्रीबीज वाढवतात किंवा शुद्ध केलेले वीर्य थेट गर्भाशयात सोडतात. त्यासाठी निदान एक नलिका उघडी हवी. दोन्ही बंद असतील, तर आयव्हीएफ, म्हणजे शरीराबाहेर फलन.

त्यात पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून साधारण दहा दिवस इंजेक्शने देतात. सोनोग्राफीत बीजकोश 17-18 मिलिमीटरचे दिसले की शेवटचे इंजेक्शन देतात आणि सुमारे 36 तासांनी, भूल देऊन, योनिमार्गातून सुईने स्त्रीबीजे काढतात. शुक्राणू फारच कमी असतील, तर इक्सी पद्धतीने एकेका बीजात एकच शुक्राणू सोडतात. 37 अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये गर्भ पाच दिवस वाढतो. मग बारीक नळीने तो गर्भाशयात ठेवतात. उरलेले गर्भ उणे 196 अंशांत गोठवतात.

प्रत्येक टप्प्यावर संख्या घटते. दहा बीजे मिळाली, तर साधारण आठ पक्व निघतात, पाच-सहा फळतात आणि पाचव्या दिवसापर्यंत दोन-तीनच टिकतात. घटण्याचे हे प्रमाण मुख्यतः स्त्रीबीजाच्या वयावर ठरते.

मर्यादा. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांतून 1986 मध्ये टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. पुढे 2017 मध्ये पुण्याच्या गॅलेक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकर यांनी आईचे गर्भाशय मुलीच्या शरीरात बसवले आणि 2018 मध्ये त्यात वाढलेले मूल जन्मले. तिथेही गर्भ आयव्हीएफनेच तयार करावा लागला, कारण रोपण केलेले गर्भाशय नलिकांना जोडलेले नसते. म्हणजे आधीच्या पिढीचे गर्भाशयही उपयोगी पडते. वय झालेले स्त्रीबीज मात्र कोणतीही प्रयोगशाळा तरुण करू शकत नाही.

कायदा. 2021 च्या कायद्यानुसार उपचारासाठी पत्नीचे वय 21 ते 50 आणि पतीचे 21 ते 55 हवे. केंद्र नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. मुलगा की मुलगी, ही निवड करणे गुन्हा आहे.

आपल्याकडे अजूनही सुनेच्याच तपासण्या आधी होतात आणि वीर्यतपासणी शेवटी. वास्तविक ती सर्वांत सोपी आणि स्वस्त तपासणी आहे. दोघांनी पहिल्याच भेटीत एकत्र जावे. वाया जाणारी वर्षे त्यानेच वाचतील.