ट्रामचे रूळ आणि डबेवाल्याची सायकल

बेटांमधील खाड्या बुजवून घडविलेल्या मुंबईची आकृतीच अशी लांबट व चिंचोळी झाली की, दक्षिणेकडील कचेऱ्या-पेढ्या आणि उत्तरेकडे सरकणारी वस्ती यांतील अंतर वर्षागणिक वाढत गेले, व ज्याच्या दारी बग्गी नाही अशा कारकुनाला पायपिटीवाचून गत्यंतर उरले नाही. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यास आगगाडी धावू लागली खरी. परंतु शहराच्या अंतर्भागाशी तिचा संबंध बेताचाच होता. ती उणीव ९ मे १८७४ रोजी सुरू झालेल्या घोड्यांच्या ट्रामने दूर केली. क्रॉफर्ड मार्केटवरून कुलाबा ते पायधुणी हा एक मार्ग, बोरीबंदर ते पायधुणी हा दुसरा, आणि तबेल्यात सुमारे ९०० घोडे, असा हा सरंजाम होता. आरंभी कुलाब्याहून पायधुणीस तीन आणे पडत आणि तिकीट म्हणून काही देण्याची वहिवाटच नव्हती. पुढे भाडे दोन आण्यांवर आले, आणि फुकट्यांची संख्या वाढताच त्याच वर्षी तिकिटांचा बंदोबस्त करणे कंपनीस भाग पडले, ही गोष्ट नगरवासीयांच्या चातुर्याची साक्ष म्हणून नमूद करावयास हरकत नाही.

१९०७ च्या मे महिन्यात विजेने घोड्यांना निवृत्त केले. १९२० साली ट्राम दुमजली झाली. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी मोटार-बस निघाली, पण प्रथम ती वरच्या थरातील लोकांचे वाहन मानली जाई. गरिबाची भिस्त ट्रामवरच होती.

या साऱ्यात सायकलीचे स्थान चमत्कारिक आहे. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा हे मुंबईकर तरुण १९२३ साली सायकलीवरून निघून १९२८ साली पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. तथापि त्यांच्याच नगरीत सायकल आली ती मुख्यत्वे पाववाल्याच्या, दूधवाल्याच्या आणि डबेवाल्याच्या वाट्याला. माणसाने ट्रामने वा लोकलने जावे आणि ओझ्याने सायकलीवरून, अशी जणू अलिखित सनदच येथे ठरून गेली.

३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदरहून दादरकडे शेवटची ट्राम गेली. तिच्या अखेरच्या काळात, १९६२ साली, आणलेली ट्रॉली-बस तर १९७१ पर्यंतच टिकली. मात्र १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी आरंभिलेला डब्यांचा व्यवसाय आगगाडी व सायकल यांच्या संयोगावर चालतच राहिला. मावळ-जुन्नरकडील हे गडी सकाळी घरोघरचे डबे सायकलीच्या दांड्यास अडकवून स्टेशन गाठतात, तेथे खुणेप्रमाणे त्यांची वाटणी होते, लांबलचक लाकडी पाट्या लोकलच्या लगेजच्या डब्यात चढतात, आणि चर्चगेटला उतरल्यावर दुसराच गडी ते आपल्या सायकलीस वा हातगाडीस लावून जेवणाच्या सुट्टीपूर्वी कचेरीत पोहोचवितो. दुपारी तेच रिकामे डबे त्याच वाटेने उलटे फिरतात.