धूर नव्हता, पण आग होती : ज्ञानमीमांसेत शिरताना

कुणीतरी मांस भाजायला नुकतीच आग पेटवली आहे. धूर अजून निघालेला नाही, पण वासाने माश्या-चिलटांचा थवा वर घोंगावू लागला आहे. लांबून येणाऱ्या माणसाला तो काळसर पुंजका दिसतो, धूरच वाटतो, आणि ‘तिथे आग असणार’ असे तो ठरवून टाकतो. आग तिथे आहेच. मग त्याला आग असल्याचे कळले, असे म्हणायचे का?

हा प्रसंग आठव्या शतकातल्या धर्मोत्तर या बौद्ध पंडिताचा. काश्मीरमध्ये बसून बौद्ध आचार्य धर्मकीर्तीच्या ग्रंथावर टीका लिहिताना त्याने तो मांडला आणि उत्तर दिले : नाही कळले. त्या माणसाचे बोलणे खरे निघाले, इतकेच. बाराव्या शतकात श्रीहर्ष या पंडिताने हीच अडचण आणखी आवळली. मुठीत कवड्या झाकून कुणी विचारले, ‘किती?’ समोरच्याने ठोकून दिले, ‘पाच’, आणि मूठ उघडल्यावर पाचच निघाल्या. आता ‘जे जसे आहे ते तसे कळणे म्हणजे प्रमा (खरे ज्ञान)’ ही व्याख्या घेतली, तर या ठोकताळ्यालाही प्रमा म्हणावे लागेल. श्रीहर्षाचा रोख व्याख्या सुधारण्याकडे नव्हता. अशी कोणतीच व्याख्या टिकत नाही, हे त्याला दाखवायचे होते.

ज्ञानमीमांसेची खरी सुरुवात इथे होते. खोट्या समजुतीला कुणीच ज्ञान म्हणत नाही, त्यात भांडण नाही. भांडण आहे ते खऱ्या समजुतींचे : त्यांतली कोणती कमावलेली आणि कोणती नशिबाने पदरात पडलेली?

1963 साली एडमंड गेटिए या अमेरिकी प्राध्यापकाने ‘ॲनालिसिस’ या नियतकालिकात जेमतेम तीन पानांचा लेख लिहिला. स्मिथ आणि जोन्स एकाच नोकरीसाठी आले आहेत. नोकरी जोन्सला मिळणार, असे कंपनीच्या अध्यक्षानेच स्मिथला सांगितले आहे. जोन्सच्या खिशातली दहा नाणीही स्मिथने मोजली आहेत. म्हणून तो म्हणतो, ‘ज्याला नोकरी मिळेल त्याच्या खिशात दहा नाणी आहेत.’ प्रत्यक्षात नोकरी स्मिथलाच मिळते, आणि त्याच्याही खिशात, त्याच्या नकळत, दहाच नाणी असतात. विश्वास आहे, तो खरा आहे, त्याला सबळ कारणही आहे. तरी याला ज्ञान म्हणायला जीभ रेटत नाही. त्या तीन पानांनी पुढच्या पिढ्यांना पुरेल इतके काम लावून दिले.

‘म्हणजे हे आमच्याकडे आधीच होते!’ असे म्हणून पुस्तक मिटण्याचा मोह आपल्याकडे फार. तो टाळावा. धर्मोत्तर अनुमानाचे लक्षण सांभाळत होता, श्रीहर्ष लक्षणे मोडत होता, गेटिए ‘सबळ कारण असलेला खरा विश्वास म्हणजे ज्ञान’ या रुळलेल्या व्याख्येला भोक पाडत होता. उदाहरणे सख्खी वाटली, तरी तिघांची कामे वेगळी आहेत, आणि गंमत त्या वेगळेपणात आहे.

ही गंमत सर्वांत जास्त रंगते ती दुसऱ्याच्या शब्दापाशी. प्लेटोच्या ‘थिएटेटस’ या संवादात सॉक्रेटिस न्यायसभेचा दाखला देतो. गुन्हा डोळ्यांनी न पाहिलेल्या पंचांना वक्त्याने पटवले आणि त्यांनी निकालही बरोबर दिला. तरी त्यांच्यापाशी खरे मत आहे, ज्ञान नाही, कारण अशी गोष्ट पाहणाऱ्यालाच ठाऊक असू शकते. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचा अनुयायी, इथे नकारार्थी मान हलवेल. त्याच्या चार प्रमाणांत, म्हणजे ज्ञानाच्या साधनांत, प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या जोडीला शब्दही आहे. ज्याला गोष्ट नीट ठाऊक आहे आणि जी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त; त्याच्या सांगण्यातून थेट ज्ञान होते. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन तर पुढे जाऊन म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखेच लागू आहे. आप्तपणा जातकुळीवरून ठरत नाही, हे त्या काळी असे सहज लिहून जाणे मला तरी थोर वाटते.

वैशेषिक दर्शनाचे अनुयायी आणि बौद्ध शब्दाला वेगळे प्रमाण मानत नाहीत. त्यांच्या मते बोलणारा विश्वासू आहे हे आधी ताडायचे आणि त्यावरून अनुमान करायचे. शब्दाला वेगळी खुर्ची कशाला? प्रश्न वाटतो तितका कोरडा नाही. तुमची जन्मतारीख तुम्हाला कशी ठाऊक? जन्मावेळी हजर असूनही तुम्ही साक्षीदार नव्हता. आईने सांगितले, दाखल्यावर लिहिले आहे. सॉक्रेटिसच्या कसोटीने ती तुम्हाला ठाऊकच नाही. नैयायिकाच्या कसोटीने पक्की ठाऊक आहे. बौद्ध विचारेल, आईवर विश्वास ठेवण्याआधी तुम्ही ताडले काय?

मोबाइलवर पुढे ढकललेली बातमी आली की हाच वाद पुन्हा उभा राहतो. मीमांसक, म्हणजे मीमांसा दर्शनाचा अनुयायी, म्हणतो, दोष दिसेपर्यंत ज्ञान स्वतःच प्रमाण. नैयायिक म्हणतो, प्रामाण्य बाहेरून पडताळावे लागते : पाणी दिसले, तर जाऊन तहान भागते का ते पाहा. मीमांसकाचे सोपे वाटते, पण रोज शंभर संदेश येणाऱ्याने ते पाळून पाहावे. उलट प्रत्येक गोष्ट पडताळायची, तर पडताळणीचीही पडताळणी आली. मीमांसकाने नैयायिकाला नेमके इथेच पकडले होते.

नव्या वाचकाने कुठून शिरावे? न्यायदर्शनाची ओळख करून देणाऱ्या अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’पासून. पुस्तक लहान आहे, आणि यशवंत वासुदेव आठल्ये यांनी संपादलेली, महादेव राजाराम बोडस यांची प्रस्तावना असलेली मुंबईची 1897 ची आवृत्ती आजही उपयोगी पडते. त्यात स्मृती, म्हणजे आठवण, प्रमेच्या बाहेर ठेवलेली पाहून दचकायला होईल. दचकावेच, आणि तसे का केले असावे हे स्वतः शोधावे. मग गेटिएची तीन पाने, मग ‘थिएटेटस’. तो संवाद शेवटी उत्तर देत नाही, याची तयारी ठेवून. गंगेशाचा ‘तत्त्वचिंतामणी’ मात्र एकट्याने उघडू नये. त्यातली नव्यन्यायाची, म्हणजे न्यायदर्शनाच्या नंतरच्या शाखेची, भाषा आधी कुणा जाणत्यापाशी बसून शिकावी लागते.